तीनशे त्रेपन्नावी जॅग्वार

जुन्या मोटारी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या ब्रिटिश आणि अमेरिकी शौकिनांमध्ये एक मत आता इतके रुळले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. १९७० आणि १९८०च्या दशकांत मोठ्या इंजिनाच्या, लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बांधलेल्या ज्या मोटारी ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह विकल्या गेल्या, त्या मुळातच अपुऱ्या राहिल्या होत्या, आणि तो गिअरबॉक्स काढून त्या जागी क्लच व हाताने बदलायचे गिअर बसवले की मोटारीला तिचे खरे रूप परत मिळते, असे ते मत आहे. या मतात दोन वेगळी विधाने एकमेकांत मिसळली आहेत. मॅन्युअल गिअरची मोटार चालवण्यात अधिक मजा येते, हे पहिले विधान. ते आवडीनिवडीचे असल्यामुळे त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. बदललेली मोटार मूळ मोटारीपेक्षा अधिक अस्सल, यंत्र म्हणून अधिक चांगली आणि बाजारात अधिक मोलाची ठरते, हे दुसरे विधान; ते वस्तुस्थितीबद्दलचे आहे, म्हणून तपासता येते, आणि तपासल्यावर त्यातले फारच थोडे शिल्लक राहते.

तपासणीसाठी उदाहरण असे हवे, की ज्यात विरुद्ध पक्षाची बाजू सर्वांत भक्कम असेल. जॅग्वार एक्सजे-एस ही बारा सिलिंडरची मोटार तशी आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये ती बाजारात आली तेव्हा ५,३४३ घन सेंटिमीटरचे आणि २८५ अश्वशक्तीचे इंजिन घेऊन आली, आणि खुद्द कारखान्यानेच ती दोन्ही प्रकारांत देऊ केली होती: एकात बोर्ग-वॉर्नर कंपनीचा तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दुसऱ्यात जॅग्वारच्याच आधीच्या ई-टाइप मोटारीकडून वारशाने आलेला चार गतींचा मॅन्युअल. हा दुसरा प्रकार १९७९ मध्ये बंद झाला तोवर त्याच्या अवघ्या ३५२ मोटारी तयार झाल्या होत्या. बदलाच्या पुरस्कर्त्यांचा सगळा युक्तिवाद या आकड्याभोवती फिरतो. कारखान्याच्या मनात मॅन्युअल मोटारच होती, ब्रिटिश लेलँड या तेव्हाच्या मालक कंपनीच्या गोंधळी कारभारात ती मागे पडली, आणि आजचा कारागीर कारखान्याचे राहून गेलेले काम पुरे करतो, अशी त्यांची मांडणी असते. जोडीला शर्यतींचे दाखले येतात. बॉब टुलियसने १९७७ व १९७८ या दोन्ही वर्षी अमेरिकेतील ट्रान्स-अ‍ॅम मालिकेत जी एक्सजे-एस जिंकवली, टॉम वॉकिन्शॉने १९८४ मध्ये ज्या मोटारीवर युरोपीय टूरिंग कार अजिंक्यपद मिळवले आणि १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची शर्यत जिने मारली, त्या सगळ्या मोटारी मॅन्युअल होत्या.

हे दाखले खरे आहेत, मात्र त्यांतून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. शर्यतीच्या त्या मोटारींतून कातडी आसने, वातानुकूलन यंत्र आणि आवाज अडवणारे सगळे अस्तर काढून टाकलेले होते; तेव्हा शर्यतीची मोटार हाच अस्सलपणाचा दाखला मानायचा तर आसनांपासून गालिच्यांपर्यंत सर्व काही उपटून टाकावे लागेल, आणि गिअरबॉक्स बदलणारा एकही मालक तसे करत नाही. त्याला गालिचे हवे असतात, लाकडी चकाकी हवी असते, आणि शर्यतीतून तेवढा गिअरचा दांडा उचलून आणायचा असतो. ३५२ या आकड्याचा अर्थही पुरस्कर्ते लावतात तितका सरळ नाही. मॅन्युअल प्रकार बंद होण्यामागे मागणीचा अभाव हे एकच कारण नव्हते, हे त्यांच्या बाजूने मान्य केले पाहिजे. जुना चार गतींचा गिअरबॉक्स कारखान्यातून निवृत्त होत होता, आणि सहा सिलिंडरच्या एक्सजे६ मालिकेला त्याच्या जागी मिळालेला रोव्हरचा पाच गतींचा गिअरबॉक्स बारा सिलिंडरच्या इंजिनाचा जोर सोसण्याइतका मजबूत नव्हता. तरीही एक प्रश्न उरतोच. चार वर्षे तो प्रकार दुकानात उघड उपलब्ध असताना गिऱ्हाइकांनी त्याच्याकडे पाठ का फिरवली, याचे उत्तर पुरवठ्याच्या अडचणीत सापडत नाही. एक्सजे-एसचे उत्पादन १९९६ पर्यंत चालले आणि एकूण संख्या एक लाख पंधरा हजारांच्या पुढे गेली. ज्याच्यासाठी ही मोटार बांधली गेली त्या गिऱ्हाइकाचा कौल या संख्येत स्पष्ट दिसतो, मग आजच्या शौकिनाला तो आवडो वा न आवडो.

कारखान्याच्या मनात काय होते, हे ओळखण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे कारखान्याने पुढे काय केले हे पाहणे. १९७७ मध्ये जॅग्वारने बोर्ग-वॉर्नरचा गिअरबॉक्स बदलला, आणि त्या जागी जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा दुसरा ऑटोमॅटिकच बसवला. १९८१ मध्ये स्विस अभियंता मायकेल मे याच्या रचनेचे सिलिंडर हेड आले, दाबाचे प्रमाण १२.५ ला १ इतके वाढले, इंधनाची भूक कमी झाली, आणि त्या सुधारित मोटारीलाही ऑटोमॅटिकच मिळाला. १९९३ मध्ये इंजिन सहा लिटरचे झाले तेव्हा तीन गती अपुऱ्या पडतात ही टीका कारखान्याने अखेर मान्य केली. त्यावर त्याने काढलेला उपाय मात्र चार गतींचा जनरल मोटर्सचा ४एल८०-ई, म्हणजे त्याच टर्बो हायड्रामॅटिकचा थेट वंशज, हा होता. मॅन्युअल मोटारीचे अधुरे स्वप्न उराशी बाळगून बसलेला कारखाना तीन वेळा संधी येऊनही तीनही वेळा दुसऱ्याच वाटेने गेला, असे मानणे कठीण आहे.

यंत्रशास्त्राचा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि पुरस्कर्त्यांचे निम्मे म्हणणे खरे असल्यामुळे तो बारकाईने पाहणे भाग आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामध्ये क्लच नसतो, टॉर्क कन्व्हर्टर असतो. हे तेलाने भरलेले बंद भांडे असून त्यात एकमेकांसमोर दोन पंखे असतात. इंजिनाला जोडलेला पंखा तेल भिरकावतो आणि त्या तेलाच्या माऱ्याने गिअरबॉक्सला जोडलेला दुसरा पंखा फिरू लागतो. दोहोंच्या मधला तिसरा छोटा पंखा परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो, त्यामुळे मोटार उभी असताना किंवा नुकतीच हलत असताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ दुप्पट होऊन पुढे जातो. वेग वाढला की ही वाढ ओसरत जाते आणि दोन्ही पंखे जवळपास एकाच गतीने फिरू लागतात. ‘जवळपास’ यासाठी की तेलातून होणाऱ्या या जोडणीत थोडी घसरण कायम राहते. पुढच्या काळातील गिअरबॉक्समध्ये ही घसरण थांबवणारी कुलपासारखी योजना आली, टर्बो हायड्रामॅटिक ४०० मध्ये ती नव्हती. तेव्हा या गिअरबॉक्समध्ये काही शक्ती तेल तापवण्यात वाया जाते आणि महामार्गावरही हा तोटा पूर्ण संपत नाही, हे पुरस्कर्त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

त्यापुढे ‘मॅन्युअल बसवले की मोटार चपळही होते आणि पेट्रोलही वाचते’ असे जे सांगितले जाते, तेथे हिशेब बिघडतो. बारा सिलिंडरच्या एक्सजे-एसमध्ये बसवण्यासाठी सामान्यतः निवडला जातो तो जर्मन गेट्राग २६५ हा पाच गतींचा गिअरबॉक्स. त्याचा पहिला गिअर ३.५७ पट, चौथा सरळ एकास एक आणि पाचवा ०.७६ पट, म्हणजे इंजिनापेक्षा बाहेरचा दांडा जास्त वेगाने फिरवणारा असा असतो. टर्बो हायड्रामॅटिकचे तीन गिअर अनुक्रमे २.४८, १.४८ आणि १ या प्रमाणांचे असतात. या प्रमाणांना मागच्या आसाच्या डिफरन्शियलमधील कायमच्या प्रमाणाने, म्हणजे फायनल ड्राइव्हने, गुणावे लागते, आणि १९८१ नंतरच्या मोटारीत ते २.८८ आहे. आता गेट्रागचा पहिला गिअर या आसावर धरला तर एकूण गुणाकार सुमारे १०.३ येतो. ऑटोमॅटिकचा पहिला गिअर ७.१च्या आसपास, पण मोटार हलतानाच्या क्षणी टॉर्क कन्व्हर्टर तो दुप्पट करत असल्यामुळे चाकाला मिळणारा जोर १४ पटींच्या वर जातो. पुढे वेग वाढताच कन्व्हर्टरची मदत संपते आणि मॅन्युअल सरस ठरतो, हे खरे; पण सिग्नलवरून मोटार सुटतानाचा जो ‘मरगळलेला’ ऑटोमॅटिक पुरस्कर्ते वर्णन करतात, तो कागदावर तरी मरगळलेला नाही. वापरात तो तसा जाणवत असेल तर त्याची कारणे बहुधा वेगळी असतात, ती पुढे येतीलच.

महामार्गाचा हिशेब याहून बोलका आहे. मूळ मोटार शेवटच्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरने जात असता तिचे इंजिन मिनिटाला सुमारे २,३०० फेरे घेते. गेट्रागच्या पाचव्या गिअरमध्ये तोच वेग सुमारे १,७५० फेऱ्यांत मिळतो, आणि पुरस्कर्ते पेट्रोलची बचत मोजतात ती या आकड्यावरून. परंतु २.८८चा आस मुळात ऑटोमॅटिकसाठी निवडलेला असल्यामुळे मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर तो फार ‘उंच’ पडतो. पाचवा गिअर शहरात व घाटात निरुपयोगी होतो, पहिल्या गिअरमध्ये चढावर मोटार सोडताना क्लच बराच वेळ अर्धा दाबून धरावा लागतो. म्हणून चोखंदळ मालक आसही बदलतो आणि ३.५४ प्रमाणाचा, म्हणजे कारखान्याने सहा सिलिंडरच्या मॅन्युअल एक्सजे-एसला दिलेला, आस आणतो. चपळाई त्याने येते यात शंका नाही. मात्र पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिनाचे फेरे आता सुमारे २,१५० होतात, मूळ मोटारीपेक्षा जेमतेम सहा-सात टक्क्यांनी कमी. चपळाई आणि बचत हे दोन्ही फायदे जाहिरातीत एकत्र नांदतात. आसाच्या दातेरी चाकांवर त्यांपैकी एकच निवडावा लागतो. शिवाय या मोटारीत मागची ब्रेकची तबके चाकांपाशी नसून डिफरन्शियलला खेटून आत बसवलेली असल्यामुळे आस बदलण्यासाठी मागचा सगळा पिंजरा, स्प्रिंगा आणि ब्रेकसकट, खाली उतरवावा लागतो. ‘शनिवार-रविवारचे काम’ म्हणून ज्याची भलामण केली जाते, त्याची व्याप्ती एवढ्यावरून लक्षात यावी.

तरीही हे काम वाटते तेवढे अवघड नाही आणि कधीही उलटवता येते, असे पुरस्कर्ते ठामपणे सांगतात. उलटवता येण्याचा दावा अर्धवट खरा आहे. ऑटोमॅटिक मोटारीत इंजिनाच्या मागे फ्लेक्सप्लेट नावाची पातळ चकती असते. तिच्या जागी जड फ्लायव्हील येते, आणि ते क्रँकशाफ्टशी समतोल साधूनच बसवावे लागते. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला गिअरबॉक्सच्या दांड्याचे नाक टेकवण्यासाठी एक छोटे बुश लागते, आणि ऑटोमॅटिकसाठी तयार झालेल्या इंजिनात ते भोक पुरते घडवलेले असेलच असे नाही. इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणारे घंटेच्या आकाराचे आवरण, म्हणजे बेलहाउसिंग, वेगळे बनवून घ्यावे लागते, कारण गेट्रागचे आवरण सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी ओतलेले आहे. ते नवे आवरण क्रँकशाफ्टच्या मध्याशी मिलिमीटरच्या आठव्या भागाइतक्या अचूकतेने जुळले नाही तर गिअर घासतात आणि बेअरिंग अकाली जाते. पेडलांची चौकट बदलावी लागते, क्लचचे हायड्रॉलिक सिलिंडर बसवण्यासाठी पुढच्या पत्र्याला भोके पाडावी लागतात, मागे शक्ती नेणारा लांब दांडा नव्या मापाचा करून घ्यावा लागतो. ऑटोमॅटिक मोटार ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये असतानाच सुरू होऊ देणारा सुरक्षेचा स्विच असतो, तोही बहुतेक ठिकाणी तारा सरळ जोडून निकामी केला जातो. क्लच दाबताना क्रँकशाफ्टवर पुढच्या दिशेने जो रेटा येतो, तो पेलणाऱ्या बेअरिंगवर आयुष्यभर असा भार आलेलाच नसतो, आणि दीड लाख किलोमीटर धावलेल्या इंजिनात ते कोणत्या अवस्थेत आहे हे इंजिन उघडल्याखेरीज कळत नाही. यांतील गिअरबॉक्स आणि दांडे उद्या परत बसवता येतील. पाडलेली भोके आणि तासलेला धातू परत येणार नाहीत.

जुन्या मोटारींच्या जतनाबाबत आंतरराष्ट्रीय पातळीवर एक मोजपट्टी उपलब्ध आहे, तिच्यावर हा व्यवहार लावून पाहणे उचित ठरेल. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या फिवा या ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिनची सनद संमत केली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये तयार झालेल्या व्हेनिसच्या सनदेचा आदर्श तिच्यासमोर होता. वाहनात करायचे बदल शक्य तेथे उलटवता येण्याजोगे असावेत, त्यांची लेखी नोंद ठेवावी, काढलेले महत्त्वाचे भाग वाहनासोबत जपावेत, अशी तिची भूमिका आहे. या सनदेनुसार गिअरबॉक्स बदलणे हा गुन्हा नाही; पण त्याला मूळ रूपाची पुनःस्थापना म्हणणे मात्र बसत नाही. एखाद्या वाड्यावर पहिल्या दिवसापासून मंगलोरी कौले असताना, ती उतरवून नळीची कौले चढवायची आणि वाडा ‘मूळ रूपात’ आणल्याचे सांगायचे, तसा हा प्रकार आहे. नळीची कौले जुनी खरी, त्या वाड्याची नव्हेत. भारतातही हा प्रश्न अगदी परका राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज वाहन म्हणून वेगळी नोंदणी मिळते, त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे लागते, आणि चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांतील फेरफार त्यात बसत नाहीत. गिअरबॉक्सचा त्या यादीत नामोल्लेख नाही, म्हणून त्यात पळवाट शोधणारे निघतील. पण ‘मूळ स्वरूप’ या अटीचा साधा अर्थ त्यांच्या बाजूचा नाही.

ऑटोमॅटिक म्हणजे गाडी न येणाऱ्यांची सोय, हा पूर्वग्रह या सगळ्या चर्चेच्या तळाशी बसलेला आहे, आणि तो फक्त इंग्लंड-अमेरिकेतला नाही; फियाट-अ‍ॅम्बेसेडरच्या स्टिअरिंगखालच्या दांड्यावर हात बसलेल्या आपल्याकडच्या पिढीलाही क्लच सांभाळणे म्हणजेच ड्रायव्हिंग असे वाटत आले आहे. त्याला उत्तर द्यायला जास्त शब्द लागत नाहीत. १९६५ मध्ये सेब्रिंगची बारा तासांची शर्यत जिम हॉल आणि हॅप शार्प यांनी शॅपरॅल मोटारीत जिंकली, तेव्हा त्या मोटारीत क्लचचे पेडल नव्हते, टॉर्क कन्व्हर्टर होता. आणि पुढच्या वर्षीच्या शॅपरॅल २ई मध्ये रिकाम्या झालेल्या डाव्या पायाकडे मागचा भलामोठा पंख हलवण्याचे काम सोपवण्यात आले. सरळ पट्ट्यावरच्या ड्रॅग शर्यतींत तर अमेरिकी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अनेक दशके पसंतीचे राहिले आहेत. टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा एखादा स्वस्तातला जुगाड होता अशी समजूत असेल, तर तोच गिअरबॉक्स रोल्स-रॉइसने सिल्व्हर शॅडोला आणि फेरारीने १९७६ मध्ये आपल्या पहिल्या ऑटोमॅटिक मोटारीला निवडला होता, एवढे सांगणे पुरे.

जॅग्वारच्याच घरातले आणखी एक उदाहरण या मोटारींतील ‘शुद्ध’ मॅन्युअलच्या कल्पनेला अडचणीत आणते. १९६६ मध्ये ई-टाइपची टू-प्लस-टू आवृत्ती आली तेव्हा मागे दोन छोटी आसने आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जागा मिळावी म्हणून पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर नऊ इंचांनी वाढवण्यात आले, छप्पर उंचावले, पुढची काच अधिक उभी झाली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ई-टाइपमध्ये प्रथम मिळाला तो याच आवृत्तीत. पुढे १९७१ मध्ये बारा सिलिंडरचे इंजिन आले तेव्हा ई-टाइपच्या सगळ्याच मोटारी, उघड्या छपराच्या दोन आसनीसुद्धा, याच लांब सांगाड्यावर बांधल्या गेल्या. तेव्हा ज्या मॅन्युअल ई-टाइपला शौकीन अस्सलपणाचा मुकुट घालतात, तिच्या चाकांमधील अंतर ठरवण्यात त्यांना नकोशा असलेल्या गिअरबॉक्सचाही वाटा आहे. आणि ऑटोमॅटिक टू-प्लस-टूला क्लच बसवून कोणी ‘खरी’ ई-टाइप मिळवू पाहत असेल, तर नऊ इंच परत कापून काढण्याचे काम त्याच्या यादीत राहूनच गेले आहे.

किमतीचा युक्तिवाद सर्वांत जोरात केला जातो, आणि त्याचा पाया सर्वांत कच्चा आहे. मूळच्या ३५२ मोटारींना बाजारात मान आहे, कारण त्या ३५२च आहेत. आज कारागिराने बदललेली मोटार तीनशे त्रेपन्नावी ठरत नाही, कारण तिचा जन्म कागदावर नोंदलेला आहे. त्या काळच्या जॅग्वार मोटारींवरील धातूच्या पट्टीवर मोटारीचा, इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा क्रमांक कोरलेला असे, आणि ऑटोमॅटिक मोटारीच्या क्रमांकाला बोर्ग-वॉर्नरची बीडब्ल्यू ही अक्षरे जोडलेली असत. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या जॅग्वारच्या वारसा संस्थेकडे आहेत, आणि त्यांतील तपशिलांवर आधारित प्रमाणपत्र मिळवता येते. खरेदीदार हे प्रमाणपत्र मागतो, पट्टी पाहतो, आणि मोटार जन्माने काय होती हे त्याला लगेच समजते. बदलावर झालेला खर्च त्या किमतीत भरून येत नाही, अशी तक्रार करणारे विक्रेते मग बाजाराला दोष देतात. बदल लपवून विकणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि जास्त घातक आहे, कारण त्यांच्यामुळे खऱ्या ३५२ मोटारींच्या मालकांनाही प्रत्येक वेळी आपल्या मोटारीची वंशावळ सिद्ध करत बसावे लागते.

या विवेचनातून प्रत्येक बदल चुकीचा आहे असा अर्थ मात्र काढता येणार नाही. १९६४ मध्ये आलेली फोर्ड मस्टँग हे उलट्या बाजूचे उदाहरण आहे. ती मोठ्या संख्येने दोन्ही प्रकारांत विकली गेली, दोहोंचा सांगाडा एकच होता, कारखान्याचेच पेडल आणि कारखान्याचेच गिअरबॉक्स आजही मिळतात, आणि ऑटोमॅटिक मस्टँगला त्याच काळचा मॅन्युअल बसवला तर धातू कापण्याचे काम फारसे उरत नाही. अशा मोटारीचा मूळ गिअरबॉक्स कधीच हरवलेला असेल, पूर्वीच्या मालकाने तिच्यात भलतेच काही बसवून ठेवले असेल, तर क्लच बसवणाऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो ऑटोमॅटिक म्हणून आखलेल्या, ऑटोमॅटिक म्हणून गाजलेल्या आणि अजून सुस्थितीत असलेल्या मोटारीतून चालता गिअरबॉक्स काढून त्याला जीर्णोद्धार म्हणण्यावर.

ज्या मरगळीमुळे मालक मुळात कारागिराकडे जातो, तिचा उपाय पुष्कळदा फारच किरकोळ असतो. टर्बो हायड्रामॅटिक ४०० ला इंजिनावर किती भार आहे ते एका रबरी पडद्याच्या साधनातून कळते. इंजिनातील निर्वात दाब एका नळीतून त्या पडद्यापर्यंत पोचतो आणि त्यानुसार गिअर कधी बदलायचा ते ठरते. पडदा फाटला, नळी कडक होऊन चिरली किंवा सुटली की गिअर भलत्या वेळी आणि धक्क्याने बदलतात. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारा विजेचा स्विच गंजला की मोटार ओव्हरटेक करताना दम धरत नाही. तेल आणि गाळणी दशकानुदशके न बदलल्याने होणारे नुकसान तर वेगळे सांगायला नको. हे सगळे भाग मिळतात, स्वस्त असतात, आणि हा गिअरबॉक्स अमेरिकेत ट्रक व मोटारींत इतक्या प्रमाणात वापरला गेला की तो पूर्ण उघडून नव्याने बांधणारे कारागीर कोणत्याही जर्मन पाच गतीच्या गिअरबॉक्सच्या जाणकारांपेक्षा सहज सापडतात. तीन गती खरोखरच कमी वाटत असतील, महामार्गावर इंजिन शांत हवे असेल आणि तेलातली घसरणही थांबवायची असेल, तर खुद्द जॅग्वारने १९९३ मध्ये निवडलेल्या ४एल८०-ईचा विचार करता येतो. त्यात चौथी गती आहे, कन्व्हर्टरला कुलूप आहे, आणि त्यासाठी विजेचे नियंत्रण व काही जोडण्या नव्याने कराव्या लागल्या तरी मोटारीचा स्वभाव तोच राहतो. तोही बदलच आहे आणि त्याचीही नोंद ठेवलीच पाहिजे. फक्त त्याच्या मागे कारखान्याचा स्वतःचा निर्णय आहे.

ज्याला क्लच आणि गिअरचा दांडा यांच्याशिवाय जॅग्वार चालवण्यात रसच नाही, त्याच्यासाठीही वाट बंद नाही. १९८३ मध्ये कारखान्याने ३.६ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाची एक्सजे-एस आणली, ती सुरुवातीची काही वर्षे फक्त मॅन्युअल होती, आणि तिच्यात गेट्रागचा तोच पाच गतींचा गिअरबॉक्स व तोच ३.५४चा आस बसवलेला होता, ज्यांच्यासाठी बारा सिलिंडरच्या मोटारींचे मालक आज भंगारबाजार धुंडाळतात. आकार तोच, आसने तीच, पुढच्या चाकांवरचा भार कमी, आणि गिअर, आस व इंजिन एकमेकांसाठी मोजून जुळवलेले. अशा मोटारींपैकी कित्येक आता उघडून ठेवलेल्या दिसतात, कारण बारा सिलिंडरच्या ऑटोमॅटिकला ‘खरे रूप’ देण्यासाठी लागणारा गिअरबॉक्स त्यांच्या पोटातून काढला गेलेला असतो.